एक पावती कादंबरीची

नांदगाव तालुक्यात वर्गणी मागायला कारण लागत नाही, पावतीपुस्तक लागते. गणपती, नवरात्र, हरिनाम सप्ताह, मंदिराचा कळस, यात्रेतली कुस्त्यांची दंगल, सगळे लोकवर्गणीतून उभे राहते आणि देणाऱ्याचे नाव फरशीवर कोरले जाते. अशा मुरलेल्या तालुक्याला क्राउडफंडिंग हे परदेशी खूळ वाटावे, हे नवल. त्याहून मोठे नवल म्हणजे वर्गणीच्या या लांबलचक यादीत कादंबरी कुठेच नाही. कादंबरीकाराने पुस्तक पदरमोड करून छापावे, पदरमोड करून प्रकाशन समारंभ घ्यावा, पाहुण्यांना शाल-श्रीफळ द्यावे आणि उरलेल्या प्रती ‘सप्रेम भेट’ लिहून वाटाव्यात, अशी आपली रीत आहे. वाचकाचा वाटा एवढाच, की तो प्रत मागतो.

लिहिण्यासारखे इथे काही नाही, असेही नाही. गिरणा धरण याच तालुक्यात, त्याचे कालवे जळगाव जिल्ह्यात, आणि तालुक्यातल्याच मनमाडने नळाला पाणी कधी येते याची वाट पाहण्यात पिढ्या घालवल्या. एकोणिसाव्या शतकात वेरूळची लेणी पाहायला निघालेले साहेब नांदगाव स्थानकावर उतरत आणि टांग्याने पुढे जात. मग मनमाडहून औरंगाबादकडे रूळ पडले आणि साहेबांनी नांदगावला उतरणे सोडले. एवढ्या ऐवजात दोन कादंबऱ्या आरामात निघतील. अडते ते त्यांच्या खर्चाशी.

हा खर्च वाचकांनी उचलल्याचे दाखले मराठीत भरपूर आहेत. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातून क्रमशः दिली. म्हणजे पुस्तक होण्याआधीच वर्गणीदारांनी तिचे पैसे भरले होते. श्री. व्यं. केतकरांनी ज्ञानकोशासाठी चक्क कंपनी काढून भाग विकले आणि 23 खंड पुरे केले. ‘ग्रंथाली’ने सभासद वाचकांच्या बळावर 1978 मध्ये ‘बलुतं’ आणि 1980 मध्ये ‘उपरा’ काढले. शेजारच्या गुजरातेत 5 लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये देऊन 1976 मध्ये ‘मंथन’ हा चित्रपट उभा केला. त्याच्या पटकथेत विजय तेंडुलकरांचा हात होता. तेव्हा आमच्या कांदा उत्पादकाच्या हिशोबपट्टीत हमाली, तोलाई, वाराई यांच्याखाली ‘कादंबरी’ असा आणखी एक रकाना घातला तर बिघडले कुठे? कपात कशाची, हे विचारणे त्याने कधीच सोडून दिले आहे.

यावर पहिला आक्षेप येईल, की लोक वाचतच नाहीत, मग पैसे का देतील? पण सप्ताहाची वर्गणी देणारे सगळे पारायणाला बसतात असा समज कोणी करून घेतलेला नाही. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. पैसे देणारा कथानकात हात घालील. नायकाला स्वतःचे नाव मागेल आणि खलनायकाला बांधावरून भांडणाऱ्या चुलतभावाचे. भीती खरी आहे, पण ती एकट्या देणगीदाराची. एकाच पुढाऱ्याने कादंबरीचा खर्च उचलला तर तिसऱ्या प्रकरणात पुढारी पूरग्रस्तांना वाचवणारच, मग तालुका दुष्काळी का असेना. 500 जणांनी 300-300 रुपये दिले तर दीड लाख जमतात आणि नायक कसा असावा यावर त्या 500 जणांचे जन्मात एकमत होत नाही. लेखकाचे स्वातंत्र्य या बेकीत सुरक्षित राहते.

तिसरा आक्षेप पैसे बुडण्याचा. ब्रिटनमधल्या ‘अनबाउंड’ या प्रकाशनसंस्थेने वाचकांच्या आगाऊ पैशांतून काढलेली पॉल किंग्जनॉर्थ यांची कादंबरी 2014 मध्ये बुकर पुरस्काराच्या पहिल्या यादीत गेली. तीच संस्था 2025 मध्ये डबघाईला आली आणि लेखकांचे पैसे अडकले. यातून धडा घ्यायचा तो हिशेबाचा. गावातला खजिनदार जमाखर्च फळ्यावर लिहितो, कारण न लिहिल्यास लोक त्याला पारावर बसू देत नाहीत. कादंबरीचाही जमाखर्च असाच उघडा असावा. दुसरा धडा अमेरिकेतला. ब्रँडन सँडरसन यांनी 2022 मध्ये 4 कादंबऱ्यांसाठी 4 कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमवली, ती आधीच्या पुस्तकांनी लाखो वाचक जोडून ठेवल्यावर. आमच्याकडे मात्र लेखक लेखकालाच वाचक समजतो. मी तुझ्या कवितासंग्रहाला 300 द्यायचे, तू माझ्या कादंबरीला 300 द्यायचे. पैसे जागच्या जागी फिरतात आणि दोघांचीही पुस्तके माळ्यावर जातात. लिहिणाऱ्यांच्या मेळाव्याला वाचकवर्ग म्हणता येत नाही.

मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा गावोगावी पेढे वाटले गेले. पेढ्यांना वर्गणी जमली, हे विसरू नये. पैसा नाही ही सबब खोटी आहे. कादंबरी आपल्या गावाची आहे असे गावाला वाटत नाही, हे दुखणे खरे. ते देणगीने बरे होणार नाही. देणगी देणारा उपकार करतो आणि विसरतो; आगाऊ किंमत भरणारा मात्र पुस्तक कधी येते म्हणून लेखकाच्या दारात उभा राहतो. लेखकाला तगादा लावणारे असे 500 लोक हवेत. तेव्हा लेखकांनो, सत्काराची शाल घडी घालून ठेवा आणि पावतीपुस्तक छापून घ्या. आणि वाचकहो, पुढच्या वेळी कोणी भेट म्हणून प्रत पुढे केली तर किंमत विचारा. ती पुस्तकावर छापलेली असते.