जुनं मशीन पारखावं कसं: गोधडी शिवू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी सात पायऱ्या

लोणावळ्याजवळच्या मळवलीत जुन्या शिवणाच्या मशीनला तीन भाव असतात. भंगारवाल्याचा भाव किलोवर, बंगलेवाल्याचा नक्षीवर आणि शिवणारीचा टाक्यावर. पहिल्या दोघांना मार्गदर्शन लागत नाही. एकाकडे तराजू असतो, दुसऱ्याकडे पैसा. ही पायऱ्यांची यादी तिसरीसाठी.

सोबत घ्यायचं सामान: जुन्या नऊवारीचा हातभर तुकडा, काठासकट. 16 आणि 18 नंबरच्या सुया. स्वतःचं रीळ. आणि एक आत्या. आत्या नसेल तर मावशी चालते. नवरा नेऊ नये, तो पाचव्या मिनिटाला मालकासमोरच "छान आहे की!" म्हणतो आणि भाव तिथेच अडकतो.

पायरी 1: आधी मशीन बघू नका, जागा बघा. मशीन खिडकीशी असेल, खाली दोऱ्याचे तुकडे पडले असतील, तर ते चालतं. वर क्रोशाचा रुमाल, त्यावर टीव्ही आणि टीव्हीवर लग्नाचा अल्बम असेल, तर तुम्ही टेबल विकत घ्यायला आला आहात.

पायरी 2: वय विचारू नका. विचारलंत की "ब्रिटिशांच्या काळातलं आहे" हे उत्तर ठरलेलं. असेलही. सिंगरचा स्कॉटलंडमधला क्लाइडबँकचा कारखाना 1885 साली सुरू झाला आणि 1980 साली बंद पडला. तिथून निघालेली मशीनं जगभर गेली. बैठकीवर कोरलेल्या नंबराच्या आधीची अक्षरं बघून ते साधारण कधीचं हे कळू शकतं. पण अशी मशीनं लाखोंनी निघाली. जुनं म्हणजे दुर्मीळ नव्हे. तसं असतं तर आमच्या आत्याचे गुडघे म्युझियममध्ये गेले असते.

मालक फारच इतिहासात शिरला तर त्याला गांधीजी ऐकवा. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनी 1924 साली सिंगरच्या मशीनला मात्र सूट दिली. बायकोचे शिवताना होणारे हाल बघून सिंगरने ते घडवलं, त्यामागे प्रेम आहे, असं ते म्हणाले. प्रत्यक्षात आयझॅक सिंगरने एकाच वेळी इतके संसार मांडले होते की नेमक्या कुठल्या बायकोचे हाल, हे त्यालाही सांगता आलं नसतं. एवढ्यात चहा येतो आणि विषय पुन्हा मशीनवर येतो.

पायरी 3: चकचकीत रंगाला भुलू नका. काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी पुढच्या बाजूने पुसट झालेली असली तर आनंद माना. तिथून वर्षानुवर्षं कापड घासत गेलंय. नवा काळा रंग लावलेला असेल तर मशीन उलटं करून पोट बघा. लोणावळा-मळवलीचा पाऊस चार महिने भिंतींना बुरशी आणतो, तो लोखंडाला सोडेल होय? वरवरचा तांबूस थर तेलाने निघतो. खड्डे पडले असतील तर हात जोडून उठा.

पायरी 4: चाक फिरवा, नेहमी आपल्याकडे. उलटं फिरवलंत तर दोरा गुंतेल आणि "बाईंना मशीन येत नाही" हे गावभर होईल. चाक जड लागलं तर घाबरू नका. बहुतेक घरांत मशीनचं तेल संपलं की कुणीतरी खोबरेल ओततं. ते आत सुकून डिंकासारखं होतं. रॉकेलने धुऊन मशीनचं खरं तेल सोडलं की दोन दिवसांत चाक मोकळं होतं. हे मालकाला सांगू नका. त्याच्यासमोर फक्त "अरेरे" म्हणा.

पायरी 5: बोट फिरवा. सुईखालचे दाते बोटाला बोचायला हवेत. गुळगुळीत दाते जाड कापड ओढत नाहीत. मग शटल काढा आणि त्याच्या टोकावर नख फिरवा. नख अडकलं तर दोराही अडकेल. चामड्याचा पट्टा ढिला असेल तर काळजी नको. तो पावसाळ्यात ढिला पडतोच, कापून पुन्हा जोडता येतो.

पायरी 6: आपलाच तुकडा शिवा. मालक नेहमी पॉपलिनची एकेरी पट्टी शिवून दाखवतो. त्यावर कुठलंही मशीन सुतासारखं चालतं. तुम्ही नऊवारीच्या तुकड्याची चौघडी करा आणि काठावरून टाका न्या. गोधडीत साड्यांचे थर, मध्ये जुनं धोतर, वर ठिगळं, असा सगळा मामला असतो. काठावर काठ आला की मशीनची खरी जात कळते. 18 नंबरची सुई लावा, टाका मोठा ठेवा, आणि फूट उचलल्यावर तेवढी जाडी खाली सरकते का बघा. खालच्या बाजूला दोऱ्याची वेटोळी आली तर बिचाऱ्या बॉबिनला दोष देऊ नका, आधी वरच्या दोऱ्याचा ताण तपासा.

शेवटी सुई आणि खांब यांच्यामधली जागा बघा. गोधडीच्या कडा कुठल्याही मशीनवर होतात. मधला भाग शिवताना अर्धी गोधडी गुंडाळून त्या बोगद्यातून न्यावी लागते. घरगुती मशीनमध्ये तिथे गोधडी आणि बाई दोघी घुसमटतात. शिंप्यांचं अंब्रेला मशीन जास्त ऐसपैस असतं, पण ते विकणारा शिंपी आपल्यापेक्षा हुशार असतो.

पायरी 7: भाव करा. इथे मळवलीची अडचण येते. एक्स्प्रेसवेच्या दोन्ही अंगांना बंगले झाल्यापासून मशीनपेक्षा खालच्या ओतीव लोखंडी स्टँडला गिऱ्हाईक जास्त. वर काच टाकली की व्हरांड्यात कॉफीचं टेबल. त्यामुळे मालक स्टँडचे पैसे सांगतो आणि मशीनचं डोकं जवळजवळ फुकट देतो. नवशिक्यांनी डोकं घ्यावं. फक्त लोकल मळवलीला जेमतेम थांबते आणि डोकं उचलायला दोन माणसं असलेली बरी, हे लक्षात असू द्या.

आमचाही सौदा असाच जमला होता. पाच पायऱ्या झाल्या, मालक काकांनी रक्कम सांगितली, मी पर्स उघडली. आत्या तेवढ्यात काठावर अडकली. सुई "टक" करून थांबली. आतून काकू आल्या. "सरका," म्हणाल्या. पदर खोचला, फुटाचा स्क्रू अर्धा आटा सैल केला, चाकावर तळवा ठेवला आणि पायडल मारलं. मशीन काठावरून असं गेलं, जसं पाटातून पाणी. चार ओळी झाल्यावर त्यांनी दात लावून दोरा तोडला, तुकडा उलटा करून बघितला, आणि काकांकडे न बघता म्हणाल्या, "हे नाही द्यायचं."

काका म्हणाले, "अगं, पंधरा वर्षं बसली नाहीस त्यावर."

"आता बसले ना."

आम्ही तुकडा घेऊन परत आलो. म्हणून शेवटची सूचना: पैसे सहाव्या पायरीच्या आधी द्या.