जाधवांपुढचं प्रश्नचिन्ह

देशभरातल्या सगळ्या जाती मोजून आकडे छापले गेले, ते शेवटचे 1931 साली. त्यानंतर थेट गेल्या मंगळवारी, मेढ्याच्या एसटी स्टँडासमोर, दोन हाफ चहांत.

मोजणारे आमचे भाऊ. कानावर पेन्सिल, मांडीवर मतदार यादी. यादीत वय असतं, घर नंबर असतो, बापाचं नाव असतं. जातीचा रकाना तेवढा नसतो. घटनेचं कलम 325 सांगतं, यादी सगळ्यांची एकच. भाऊंना ही छपाईतली चूक वाटते. आडनाव दिसलं की ते पुढं एक अक्षर टाकून ती दुरुस्त करतात. जातीवर मत मागणं 1951 च्या कायद्यानं भ्रष्ट आचरण ठरतं. भाऊ मागत नाहीत हो, नुसते मोजतात.

काम झकास चाललं होतं. मग जाधव आले.

जाधव नाहीत अशी जात शोधायला निघालात तर चप्पल झिजेल. भाऊंनी पुढं प्रश्नचिन्ह टाकलं. पाठोपाठ पवार आले, मोरे आले. पान उलटेपर्यंत यादीची प्रश्नपत्रिका झाली. मग एका पोराला घरोघर पिटाळलं. जात थेट विचारणं असभ्य, म्हणून सभ्य प्रश्न: मूळ गाव कुठलं? पाहुणे कुठले? कुलदैवत कुठलं? एका आजींनी तिन्ही उत्तरं दिली, वर चहा पाजला आणि विचारलं, "बाळा, तू कुणाचा?" पोरगं म्हणालं, "जाधवांचा." आजी म्हणाल्या, "ते झालं रे. पण कुठले जाधव?" पोरगं प्रश्नचिन्ह पुसायला गेलं होतं, स्वतःचं घेऊन परत आलं.

इथवर मी हसलो. पण याच यादीत पानापानावर अशी पोरं आहेत, ज्यांचं नाव इथं आणि पाठ वाशीच्या मार्केटात गोणीखाली. मतदानाच्या आदल्या रात्री ट्रॅव्हल्स लावून आणायची, बोटाची शाई वाळायच्या आत परत धाडायची. ती गेली का, परत येऊन खाणार काय, उशाला कण्हेर धरण असून डोंगरावरच्या वाड्यांत उन्हाळ्यात हंडे का वाजतात, यापुढं एकाही पेन्सिलीनं आजवर प्रश्नचिन्ह टाकलेलं नाही. शिसं सगळं जाधवांवर संपतं!

न राहवून विचारलं, "भाऊ, गावात कुलूप लागलेली घरं किती, तेही मोजा की."

भाऊंनी पेन्सिलीला टोक काढलं. म्हणाले, "मोजतो की. आडनावं सांगा."