चिकटायचं तिथे सोडून

परदेशवारी करून आलेल्याने नातलगांना फ्रिजवर लावायचा चुंबक द्यायचा, अशी आमच्या घराण्यात हल्ली रीतच पडली आहे. पेढ्यांपेक्षा स्वस्त, आणि नासत नाही. आमच्याकडे असे एकोणीस जमले. यंदा फ्रिज बदलला, नवा काचेच्या दाराचा आला. एकोणीसच्या एकोणीस जमिनीवर.

शेजारच्या वहिनींनी शहाणपणा करून स्टीलच्या दाराचा घेतला. त्यांच्याही दाराला काही चिकटेना. चौकशी केली तर कळलं, त्या स्टीलमध्ये आठेक टक्के निकेल असतं. लोखंड चुंबकाला चिकटतं, निकेलही चिकटतं. पण क्रोमियमच्या साक्षीने दोघांनी संसार थाटला की दोघंही चुंबकाला ओळख देत नाहीत.

बरं, फ्रिजला चुंबकाचं वावडं म्हणावं, तर दाराच्या रबरात चुंबकाचीच पट्टी बसवलेली. दार घट्ट लागतं ते मुळी तिच्यामुळे. म्हणजे कंपनीचा चुंबक चालतो, आमचा नाही. बाजूचा पत्रा लोखंडी आहे, पण फ्रिज कोनाड्यात; दोन्हीकडे भिंत.

प्लंबर वाटतो ते पातळ रबरी चुंबक तर वेगळंच प्रकरण. फेराइटची पूड रबरात मळायची, आणि उत्तर-दक्षिण असे बारीक पट्टे आखून सगळा जोर एकाच बाजूला वळवायचा. असे दोन चुंबक तोंडाला तोंड लावून सरकवले की ते पट्टे बोटांना कटकट जाणवतात. एवढी कारागिरी, आणि पेलतं काय, तर विजेचं एक बिल. दुसरं खोचलं की घसरगुंडी.

भाच्याने तोडगा म्हणून निओडिमियमचे दोन आणले, गोळीएवढे. 1980च्या दशकात जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी हे चुंबक स्वतंत्रपणे शोधून काढले. एकालाच सुचलं असतं तरी माझ्या बोटाला पुरलं असतं. काचेला ते चिकटले नाहीत. एकमेकांना चिकटले, मध्ये माझी कातडी. ओढून सुटत नाहीत, बाजूला सरकवावे लागतात, हे भाच्याने नंतर, हळद लावताना सांगितलं.

शेवटी सगळा संग्रह गॅसच्या सिलिंडरवर लावला. तिथे मात्र एकूण एक घट्ट बसला. गेल्या मंगळवारी मी अंघोळीला गेलो असताना सिलिंडरवाला येऊन रिकामा घेऊन गेला. सोबत आयफेल टॉवर, सिंगापूरचा सिंह आणि विजेचं बिल. ते भरायचं राहिलं होतं.