भिंतीवरच्या फुल्या

लॅबमध्ये नाव आणि वय सांगून झालं की तिसरा प्रश्न ठरलेला असतो. शेवटची पाळी कधी आली? काउंटरवरची मुलगी तो खाली मान घालून, कीबोर्डवर बोटं तयार ठेवून विचारते आणि उत्तराला उशीर झाला की नम्रपणे वर बघते. तिला तारीख हवी असते. माझ्याकडे असतो एक लांबलचक वृत्तान्त. गणपतीत आली होती, ऐन गौरींच्या दिवशी. दिवाळी कोरडी गेली. संक्रांतीच्या महिन्यात दोनदा येऊन गेली. मग येते येते असं वाटायला लावून आलीच नाही. एवढं सगळं तिच्या पडद्यावरच्या चौकटीत मावत नाही. तिथे दिवस, महिना आणि वर्ष एवढ्यांनाच जागा आहे. खरं तर पाळीचं नेमकं काय चाललंय हे कळावं म्हणून मी पैसे भरून, उपाशीपोटी तिथे आलेली. आणि लॅब तेच मला विचारत बसलेली.

संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर येतो. साखर बिघडली असेल तर तिचा आकडा ठळक होऊन दटावतो, कोलेस्टेरॉलही दटावतं. ‘एफएसएच’ नावाच्या संप्रेरकापुढे मात्र एकाच्या जागी चार ओळी असतात. पाळीच्या पूर्वार्धात इतकं ते इतकं, बीज सुटण्याच्या सुमारास इतकं, उत्तरार्धात इतकं आणि रजोनिवृत्तीनंतर इतकं. यातली माझी ओळ कुठली ते माझं मी ओळखायचं. हा आकडा सहसा ठळक होत नाही, कारण कुठल्या ना कुठल्या ओळीत तो बसतोच. इतकी सभ्य माघार मी दुसऱ्या कुठल्याच कागदावर पाहिलेली नाही.

डॉक्टरीणबाईंनी मग समजावून सांगितलं. एफएसएच म्हणजे मेंदूच्या तळाशी बसलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीने बीजांडकोशांना मारलेली हाक. हे ऐकल्यापासून मला ती ग्रंथी वाड्याच्या माडीवर बसलेल्या सासूबाईंसारखी दिसायला लागली आहे. खाली स्वयंपाकघरात सून आहे, ती ‘ओ’ देते आहे, तोवर हाक हळू असते. ‘ओ’ येईनाशी झाली की आवाज चढत जातो. लॅब मोजते तो हा चढलेला आवाज. पण या वयात सून घर सोडून गेलेली नसते. मधूनच परसातून ‘आले हो’ म्हणते आणि सासूबाई एकदम मवाळ होतात. नेमकं त्या सकाळी रक्त दिलं तर आकडा विशीतल्या मुलीचा, आणि पुढच्या महिन्यात दिलं तर साठीतल्या आजीचा. दोन्ही आकडे खरे, मशीन निर्दोष, आणि बाई एकच.

इस्ट्राडायॉल, म्हणजे बीजांडकोशांत तयार होणारं इस्ट्रोजेन, त्याची कथा आणखी नाजूक. त्याचा आकडा पिकोग्रॅममध्ये येतो. एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे पिकोग्रॅम. लाख कोटी ही रक्कम आपण अर्थसंकल्पाच्या बातम्यांत ऐकून सोडून देतो; इथे ती उलटी होऊन कोपराच्या खोलगटीतून काढलेल्या रक्तात शिरते. एवढ्याशा ऐवजाच्या चढउतारावर घरातला पंखा दोनवर राहणार की पाचवर जाणार, हे ठरतं. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या सेंट लुइस इथे एडवर्ड डॉइझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पदार्थ शुद्ध रूपात वेगळा काढला, तेव्हा त्यांना डुकरिणींचे सुमारे चार टन बीजांडकोश खर्ची घालावे लागले. हाती आले जेमतेम १२ मिलिग्रॅम. चार टनांच्या त्या ढिगाचा विचार केला की माझा चिमुकल्या बाटलीतला रक्ताचा नमुना मला फारच उद्धट वाटू लागतो.

एवढ्याशा रक्तातून पिकोग्रॅम मोजायची ही किमया रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन या जोडीची. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, माजी सैनिकांच्या रुग्णालयात, सफाईचं सामान ठेवायच्या खोलीत यालोबाईंनी आपली पहिली प्रयोगशाळा थाटली होती. तिथे पुढे दोघांनी किरणोत्सारी खुणेच्या आधाराने रक्तातलं इन्सुलिन मोजायची पद्धत शोधली, आणि तीच पद्धत मग एकेका संप्रेरकाला लागू पडत गेली. आजच्या लॅबमधली यंत्रं बहुधा किरणोत्साराऐवजी प्रकाशाने मोजतात, पण घराणं तेच. दोघांनी त्याचं पेटंट घेतलं नाही. बर्सन १९७२मध्ये गेले. १९७७मध्ये नोबेल घ्यायला जोडीतल्या यालो एकट्याच उरल्या होत्या, वय ५६. मला त्यांच्याविषयी सर्वांत आवडतं ते वेगळंच. इन्सुलिनवरच्या त्यांच्या एका लेखाला १९५५ साली एका नियतकालिकाने नकार कळवला होता. ते पत्र बाईंनी टाकलं नाही. बावीस वर्षं जपलं आणि नोबेलच्या भाषणात सगळ्यांना दाखवलं. आपलं म्हणणं कुणी मानलं नाही, तर त्याचा कागद जपून ठेवावा, हे शहाणपण बायकांच्या रक्तातच असावं. त्याची तपासणी अजून निघालेली नाही.

आईकडे असा कागद भिंतीवर असायचा. जयंतराव साळगावकरांचं ‘कालनिर्णय’ १९७३मध्ये निघालं आणि माझ्या आठवणीतल्या प्रत्येक स्वयंपाकघरात ते खिळ्याला टांगलेलं आहे. चतुर्थी, एकादशी, मागे छापलेल्या पाककृती हे सगळं साळगावकरांचं. मधल्या मोकळ्या जागा आईच्या. दूध अर्धा लिटर कमी, गॅस लावला, बाई आली नाही. आणि महिन्यातून एकदा, चौकटीच्या अगदी कोपऱ्यात, मुंगीएवढी फुली. दुधाच्या हिशेबावर बाबा वाद घालत, सिलिंडर इतक्या लवकर कसा संपला म्हणत. त्या फुलीबद्दल मात्र घरात कुणी कधी अवाक्षर काढलं नाही. वास्तविक घराचा अर्धा कारभार तिच्यावर चाले. सत्यनारायण कधी घालायचा, कुणाच्या लग्नाला जायचं, लोणच्याच्या बरणीला हात कुणी लावायचा, सगळं तिला विचारून.

नव्वदच्या दशकातल्या कुठल्याशा वर्षी फुल्या विरळ होत गेल्या. डिसेंबरातल्या पुण्याच्या थंडीत आई पहाटे उठून पंखा पाचवर करी आणि बाबा डोक्यावरून शाल ओढून घेत. दुपारी ती उघड्या फ्रिजसमोर उभी असायची. काय शोधतेस विचारलं तर म्हणायची, “अगं, कोथिंबीर.” कोथिंबीर समोरच असे. तिला कसल्या वाफा येत होत्या, रात्र रात्र झोप का नव्हती, हे आम्ही विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. ‘आईचं हल्ली असंच’ एवढ्या निदानावर घर निवांत होतं. मग एके दिवशी शेजारच्या काकूंना ती दारातच म्हणाली, “सुटले बाई एकदाची.” दोघी हसल्या, आणि त्या वर्षी आषाढात आई, आता आड काही येणार नाही म्हणून, बेधडक वारीला गेली.

मला राहून राहून नवल वाटतं ते याचं की, शास्त्र एवढं पुढे गेलं आणि अखेर आईच्या भिंतीपाशी येऊन थांबलं. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेने २०१५ साली डॉक्टरांना स्पष्टच सांगितलं आहे की, ४५च्या पुढच्या बाईला लक्षणं असतील तर रजोनिवृत्तीच्या निदानासाठी एफएसएच तपासत बसू नका, तिला विचारा. सलग बारा महिने पाळी आली नाही की झाली रजोनिवृत्ती. तीही मागे वळून बघितल्यावर. कुठली फुली शेवटची, हे ती मारताना कुणालाच ठाऊक नसतं.

मग रक्त द्यायचंच कशाला? द्यायचं, पण वेगळ्या चौकशीसाठी. छातीत धडधड, घाम, चिडचिड, झोप उडणं ही सगळी सोंगं थायरॉइडही हुबेहूब वठवतं, म्हणून टीएसएच. जाता जाता पाळी जे थैमान घालते त्याने रक्त उतरतं, म्हणून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन. इस्ट्रोजेनचं छत्र गेलं की कोलेस्टेरॉल चढतं, हाडं झिजायला लागतात, म्हणून त्यांची विचारपूस. इथे एक गोष्ट जाता जाता सांगून टाकते. केस गळतात म्हणून पार्लरमधल्या मुलीच्या सल्ल्याने बायोटिनच्या मोठ्या गोळ्या घेत असाल, तर ते लॅबमध्ये आणि डॉक्टरांना आधी सांगा. काही यंत्रांना त्या गोळ्या चकवतात आणि धडधाकट थायरॉइड बिघडलेलं दिसू लागतं.

आणि रिपोर्टचा आणखी एक उपयोग आहे, जो कुठल्याही पॅकेजच्या जाहिरातीत छापलेला नसतो. झोप लागत नाही, असं मी वर्षभर सांगत होते तेव्हा नवरा म्हणायचा, “चहा कमी कर.” सांधे दुखतात म्हटलं की, “जिने चढत जा.” मग रिपोर्टमध्ये ‘ड’ जीवनसत्त्व ठळक अक्षरांत कमी आलं. त्या संध्याकाळी तो ऑफिसातून येताना न सांगता गोळ्या घेऊन आला, रात्री माझ्या पायांवर पांघरूण घातलं आणि “तू बोलली नाहीस कधी,” असं खऱ्या कळवळ्याने म्हणाला. मी काही बोलले नाही. मापाचं एकक जोडलेलं असलं की दुःखाला वजन येतं. आईच्या वाफांना एकक नव्हतं.

काही जणींच्या बाबतीत मात्र भिंतीचं चालत नाही. चाळिशीच्या आतच पाळी थांबली तर एफएसएच करावंच लागतं, गरज पडली तर काही आठवड्यांनी पुन्हा. आणि ज्यांची पिशवीच काढली आहे, त्यांनी फुली कुठे मारायची? बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कित्येक बायकांनी तरुणपणीच गर्भाशय काढून घेतल्याचं उघड झालं, तेव्हा २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. खाडा झाला की मुकादम पैसे कापणार. मग पाळीचीच कटकट नको. कुणाकुणाचे बीजांडकोशही गेले, म्हणजे तिशीतच थेट पन्नाशी. त्यांची हाडं, त्यांचं हिमोग्लोबिन मोजलं जायला हवं ते माझ्या आधी. तपासण्या भरपूर होतात. ज्यांच्या व्हायला हव्यात त्यांच्या होत नाहीत, असं माझं मत बनत चाललं आहे.

तेव्हा बायांनो, फुल्या मारत राहा. मोबाइलमध्ये मारा हवं तर. बारा कोरे महिने पुरे झाल्यावर एक जरी डाग दिसला, तरी ‘परत आली वाटतं’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं, पण कधी कधी गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची ती पहिली खूण असते आणि वेळीच कळला तर तो बहुधा बरा होतो. त्या वेळी लॅबच्या पॅकेजची वाट न बघता आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, आणि त्यांनी शेवटची पाळी कधी आली विचारलं तर तारीख सांगा.