नानांचा घोटा

लंगडत येणाऱ्या टेनिसवाल्याला 'काय झालं?' एवढंच विचारावं. 'कसं झालं?' विचारलंत की सकाळ गेली. तुमच्याही जिमखान्यावर असा एकजण असणारच. इस्त्रीची पांढरी हाफ पँट, एका पायात बूट, दुसऱ्याला क्रेप बँडेज आणि त्याखाली रबरी चप्पल, आणि चेहऱ्यावर थेट सीमेवरून परतल्याचा भाव. आमच्याकडे नाना आहेत. बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ड्रॉप शॉटला अजून पुढे धावतात. म्हणजे, निघतात तरी.

'पाच-तीननं पुढे होतो आम्ही, सर्व्हिस माझी,' अशी नानांच्या घोट्याची कहाणी सुरू होते.

त्या सकाळी मी नानांचा पार्टनर होतो. स्कोअर दोन-पाच होता आणि मागे आम्ही होतो. घोटाही काही शॉट मारताना मुरगळलेला नाही. समोरून वकिलांनी नानांचा एक बॉल आऊट दिला. 'लाइनवर होता! चुना उडाला, चुना!' असं ओरडत, रॅकेटनं खूण दाखवत नाना उलट्या पावलांनी मागे आले आणि बेसलाइनच्या मागे पडलेल्या एका जुन्या बॉलवर त्यांची टाच पडली. पाय आत वळला आणि नाना बसले. 'कट्' असा आवाज झाला म्हणतात. मला तो ऐकू आला नाही, पण कहाणीत तो आता बाहेर रस्त्यावरच्या चहावाल्यालाही ऐकू गेलेला असतो. तो बॉल बाजूला करा म्हणून मार्कर केव्हाचा सांगत होता, हे मात्र कहाणीत नाही.

डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत स्कोअर चार-पाच झाला होता. औषधाच्या दुकानात पाच-पाच. पहिल्या मजल्यावरच्या सत्यनारायणाला नाना प्रसाद घ्यायला म्हणून टेकले, तिथे टायब्रेक लागला. अमेरिकेतल्या मुलीला व्हिडिओ कॉलवर सांगताना मॅच पॉइंट आला. तोही आमचा. दुहेरीत पार्टनर असल्यामुळे या वाढत्या विजयात माझा निम्मा वाटा होता, तेव्हा मी कशाला मध्ये बोलू?

नानांना या कामी मोठा आधार आहे अलेक्झांडर झ्वेरेवचा. ३ जून २०२२, फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी, समोर नदाल. पहिला सेट ७-६ नदालचा, दुसरा ६-६, खेळ सुरू होऊन तीन तास उलटलेले. झ्वेरेव उजवीकडच्या बॉलवर धावला, घोटा वळला आणि त्याची किंकाळी सगळ्या जगानं ऐकली. व्हीलचेअरवरून आत नेला, मग कुबड्या घेऊन तो पुन्हा कोर्टवर आला, अंपायरशी हात मिळवला आणि मॅच सोडली. हा व्हिडिओ नानांच्या फोनमध्ये कायम वरच असतो. 'अगदी असंच झालं माझं,' ते म्हणतात, 'फक्त त्याला व्हीलचेअर मिळाली, मला रिक्षावाला म्हणाला, तिकडे नाही जाणार.' झ्वेरेवचं तेव्हा दोन-पाच नव्हतं, असं कोणीतरी पुटपुटलं. नाना शांतपणे म्हणाले, 'तिथे स्कोअरबोर्ड असतो. आपल्याकडे कुठेय?'

या युक्तिवादाला उत्तर नाही. आमच्या कोर्टवर खरोखरच स्कोअरबोर्ड नाही.

डॉक्टरांनी मात्र नानांची निराशा केली. घोट्याच्या दोन्ही बाजूंची हाडं त्यांनी मागच्या कडेनं दाबून पाहिली आणि मग चार पावलं चालायला सांगितलं. कॅनडातल्या ओटावा शहरात डॉक्टरांनी १९९२ साली बसवलेला हा नियम आहे. हाड दाबून दुखत नसेल आणि चार पावलं टाकता येत असतील, तर एक्स-रे बहुधा लागत नाही. नाना बेसावध होते. कोणी चालून दाखवा म्हटलं की चांगलंच चालून दाखवायचं, या सवयीनं त्यांनी चार पावलं टाकली आणि तिथेच घात झाला. तरी हट्टानं एक्स-रे काढवून घेतला. 'हाड शाबूत आहे,' डॉक्टर म्हणाले. नापास झालेल्या मुलाचा निकाल हातात घ्यावा तसा तो एक्स-रे नानांनी घेतला. पण लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही हे कळल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला अशी तीन लिगामेंट असतात, आणि पाय आत वळला की सगळ्यांत आधी ताणलं जातं ते पुढचं. अँटिरिअर टॅलोफायब्युलर. हे नाव नानांनी एका रात्रीत पाठ केलं आणि आता ते घरच्या जावयाचं घ्यावं तसं अदबीनं घेतात. डॉक्टर म्हणाले होते ग्रेड वन, फार तर टू. नानांनी टू घेतली. झ्वेरेवची तिन्ही तुटली होती, शस्त्रक्रिया करावी लागली, हे सांगताना नानांच्या आवाजात किंचित असूया असते.

मग फोटो. ग्रुपवर रोज सकाळी, सगळ्यांच्या पोह्यांच्या वेळेला, नानांचा पाय यायचा. आधी निळा, मग जांभळा, मग कडेनं हिरवा, शेवटी पिवळा. रक्त खाली उतरत टाचेपाशी आणि बोटांपाशी साकळलं, तेव्हा तर पायाला बाण काढून नकाशा आला. वकिलांनी खाली 'आऊट' असं लिहिलं. दोघं आठवडाभर बोलत नव्हते.

घरात वेगळंच युद्ध. मुलीनं फोनवरून बर्फ सांगितला म्हणून वहिनींनी वर्षाचे सोललेले, साठवलेले मटार फ्रीझरमधून निघून नानांच्या पायावर जाऊ लागले. वाईहून आलेल्या अक्कांनी ते पाहून कपाळाला हात लावला आणि आंबेहळद, तुरटी, रक्तबोळ उगाळून गरम लेपाची वाटी पुढे केली. नाना दोन्ही करून घेत. बर्फाचा सल्ला ज्या अमेरिकन डॉक्टरनं १९७८ साली रूढ केला, त्या गेब मर्किननंच २०१४ साली सांगितलं की बर्फानं बरं होणं लांबू शकतं. हे कुठूनसं कळल्यावर अक्का जिंकल्या. वहिनी एवढंच म्हणाल्या, 'ते मटार आता मी कुणाला वाढू?' त्या रविवारी नानांनी आम्हा सगळ्यांना आग्रहानं जेवायला बोलावलं. मटार-उसळ होती. ज्यांना माहीत होतं त्यांनी वरण-भातावर भागवलं.

आणि पायाळूचा किस्सा. पायाकडून जन्मलेल्या माणसानं पाय लावला की उसण उतरते, हे नानांच्या आईनं सांगितलेलं. आता घोट्याला ते चालतं का, हा प्रश्न कोणी काढायला नको होता, पण निघाला. आमच्यात पायाळू एकच निघावा आणि तो वकील असावा, याला काय म्हणावं? नाना बीएस्सी आहेत. 'विज्ञानाला अजून सगळं कळलेलं नाही,' असं म्हणत त्यांनी बँडेज सोडलं आणि बाकावर पाय ठेवला. वकिलांनी बूट काढला, मोजा काढला, पाय उचलला आणि हवेतच धरून विचारलं, 'आधी सांगा नाना, बॉल आऊट होता की नव्हता?'

नानांनी क्षणभर घोट्याकडे पाहिलं. मग पाय खाली घेतला. 'राहू दे. दुखू दे.'

पुढे फिजिओथेरपी. तिथली मुलगी नानांच्या नातीएवढी. तिनं सांगितलं, आजोबा, अंगठ्यानं हवेत ए टू झेड काढायचं. नानांना 'आजोबा' झोंबलं, तेव्हा इंग्रजीवर सूड म्हणून ते मुळाक्षरं काढू लागले. 'ग' सहज जमतो, 'ळ' ला घोटा कुरकुरतो, 'ज्ञ' ला तर डोळ्यात पाणी येतं, असा त्यांचा अनुभव. एका लग्नात जेवणाच्या टेबलाखाली 'क्ष' काढताना मुलाच्या मामाला लाथ बसली. नंतर आलं एका पायावर उभं राहणं. याला खरंच अर्थ आहे. लिगामेंट ताणलं की पाय कुठे आणि कसा पडतोय याची जाणीवही मंदावते, आणि तोल सांभाळायचा सराव केला नाही तर तोच घोटा पुन्हा मुरगळायची भीती असते. पण नाना हे दूधकेंद्राच्या रांगेत करतात. डोळे मिटून. लोकांना वाटतं, नवस आहे. एका बाईंनी तर पुढे जागा दिली. नाना म्हणाले, 'विठोबा अठ्ठावीस युगं उभा आहे, पण दोन पायांवर. मी एकावर तीस सेकंद करतो.' आणि तीस सेकंदांनी रांगेतच ओळखी काढून पाच-तीननं पुढे होतो हे सुरू.

या सगळ्याचा मला मनस्वी वैताग यायचा. पण जिमखान्यावर नीट पाहिलं की हे सोंग कळायला लागतं. आमच्या कोर्टच्या कडेला गुलमोहराखाली पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग आहे. तिथे बसणाऱ्यांतला एकही पहिल्या दिवशी 'खेळणं सोडलं' म्हणून बसला नव्हता. एकाचा खांदा होता, एकाचं 'जरा बीपी', एकाचा गुडघा, फक्त पावसाळा संपेपर्यंत. गुडघा ही फसवी वस्तू आहे. गुडघा दुखतो म्हटलं की ऐकणारा मान डोलावतो, 'वय झालं' असं तोंडानं म्हणत नाही एवढंच. घोटा मुरगळला म्हटलं की विचारतो, 'खेळताना?' गुडघा वयानं जातो, घोटा मर्दुमकीनं. गेल्या काही वर्षांत नानांचं जे जे गेलं, मोतीबिंदू, दोन दाढा, एक कान थोडासा, ते सगळं वयानं गेलं. इतक्या दिवसांनी काहीतरी खेळताना गेलं होतं. ते त्यांनी सहजासहजी बरं कसं होऊ द्यावं?

म्हणून नाना जिमखान्यावर यायचे तेव्हा त्या खुर्च्यांवर कधीही टेकले नाहीत. काठी घेऊन नेटच्या खांबापाशी उभे राहायचे, सगळा सेट. कोणी खुर्ची ओढून दिली तर 'नको, उभं राहिलेलं बरं असतं, रक्ताभिसरण' असं काहीतरी. त्यांच्या जागी आम्ही एका सॉफ्टवेअरवाल्या पोराला घेतलं होतं. त्याची सर्व्हिस दिसायच्या आधी ऐकू येते. पहिल्याच दिवशी आम्ही ६-१ जिंकलो आणि मी खुशीत नानांकडे पाहिलं. ते हसले, टाळ्या वाजवल्या, आणि त्या पोराला म्हणाले, 'छान. पण सर्व्हिसला तुझा डावा पाय वाकडा पडतो बरं का. सांभाळ. झ्वेरेवचं...' पोरानं विनयानं ऐकून घेतलं. घरी जाताना मला म्हणाला, 'काकांना माझी जागा हवी असेल तर मी सातनंतरच्या बॅचला येतो.' मी म्हटलं, तुझी जागा नाही ती.

झ्वेरेव पुढच्याच वर्षी त्याच पॅरिसमध्ये पुन्हा उपांत्य फेरीत पोहोचला, हे आम्हाला ग्रुपवर कळवण्यात आलं. बोपण्णानं २०२४ साली ४३व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली, हेही. बोपण्णाच्या वयात आणखी वीस-पंचवीस मिळवली की नाना येतात, पण ग्रुपवर कोणी बेरीज केली नाही. वकिलांनीसुद्धा नाही.

मग एका सोमवारी नाना आले. दोन्ही पायांत नवे बूट, उजव्या घोट्याला नाड्यांचा ब्रेस. आधी चौघांच्या देखत बेसलाइनमागे पडलेला प्रत्येक बॉल त्यांनी स्वतः वेचून बादलीत टाकला. त्यानंतर, जिथे थांबलो होतो तिथूनच पुढे खेळू, अशी मागणी केली. पाच-तीन. वकील म्हणाले, दोन-पाच. पाऊण तास गेला असता, पण मार्कर म्हणाला पाणी मारायचंय, तेव्हा शून्यापासून सुरू झालं.

समोर वकील खेळत होते आणि वकिलांचा ड्रॉप शॉट हे आमच्या कोर्टवरचं सगळ्यांत नीच हत्यार. नेटला लागून, अंगावर शहारा आल्यासारखा बॉल खाली पडतो. त्या दिवशी त्यांनी तो काढलाच नाही. सगळे बॉल खोल, नानांच्या हातात आणून दिल्यासारखे. तिसऱ्या गेमला नाना थांबले. रॅकेट खाली टेकवून म्हणाले, 'वकील, ड्रॉप का टाकत नाहीस?'

'अहो, घोटा...'

'घोटा माझा आहे. तू टाक. मी काय खुर्चीत बसलोय का?'

वकिलांनी टाकला. नाना धावले, म्हणजे या वेळी खरंच धावले, ब्रेससकट, जीभ दाताखाली धरून, पोट पुढे आणि पाय मागून येत. रॅकेट लागलीही. बॉल नेटमध्ये गेला. मी 'वेल ट्राइड' म्हणायला तोंड उघडतोय तोवर नाना वळले आणि समोर बोट रोखून ओरडले, 'डबल बाउन्स नव्हता! एकदाच उडाला!'

'नेटमध्ये गेला ना पण तो, नाना,' वकील म्हणाले.

'तो पुढचा प्रश्न. आधी एकदाच उडाला हे कबूल कर.'