शास्त्रीबुवांची कचेरी

लॅपटॉप विकत घ्यायला पैसे लागतात, दुकान लागते, आणि अलीकडे तर हातातला मोबाईलही पुरतो. परंतु पुण्याच्या कोथरूड-कर्वेनगर भागातील मध्यमवर्गीय वसाहतींत या सर्वांच्या अगोदर एका गृहस्थाची अनुमती लागते, आणि ती मिळवल्यावाचून कोणाच्या चिरंजिवांनी सॉफ्टवेअरच्या धंद्यात पाऊल टाकल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. हे गृहस्थ पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असतात. इसवी सन 2000 उजाडताच जगातले संगणक एकदम शंभर वर्षे मागे जातील या धास्तीने कोबोल जाणणाऱ्यांना जे सुगीचे दिवस आले होते, त्या सुगीत ते नोकरीस लागले आणि पुढे यथावकाश हिंजवडीत आर्किटेक्ट या हुद्द्यावर स्थिरावले. त्यांच्या तरुणपणी संगणक सुटा सुटा विकत आणून घरी जोडण्याचा प्रघात होता, आणि त्या काळी डेक्कन क्वीनने मुंबईस जाऊन लॅमिंग्टन रोडवरून आणलेला मदरबोर्ड परतीच्या प्रवासात मांडीवर कसा सांभाळला ही हकिकत ते अजूनही सांगतात. आमच्या सोसायटीत त्यांना शास्त्रीबुवा म्हणतात. हे नाव थट्टेने पडले. त्यांनी ते किताबासारखे स्वीकारले.

रविवारी सकाळी पोह्यांची बशी बाजूला सरली की त्यांची कचेरी भरते. अर्जदार सहसा तिघे असतात: रक्कम देणारा पिता, त्या रकमेवर नजर ठेवणारी माता, आणि ज्याच्या नावे हा सारा खटाटोप चालला आहे तो, मान खाली घालून मोबाईलवर त्याच यंत्रांच्या किमती चाळणारा चिरंजीव. दुसरा कोणी सल्लागार असता तर त्याने आधी बजेट विचारले असते. शास्त्रीबुवा पैशाचा विषय आरंभी निघू देत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून ते विचारतात, "काम काय करणार?"

"कोडिंग."

"हे काही उत्तर नाही झालं. नुसतं 'गावाला जायचंय' म्हटल्यावर खिडकीवर तिकीट देतात का?"

आणि मग त्या एका शब्दाची चिरफाड सुरू होते. आयफोनसाठी लिहायचे असेल तर वादच मिटला, कारण त्याचे एक्सकोड नावाचे साधन मॅकवाचून अन्यत्र चालत नाही. अँड्रॉइडसाठी लिहायचे असेल तर पडद्यावर एक अख्खा लटका फोन चालवावा लागतो, आणि तो भरपूर मेमरी खातो. सर्व्हरचे काम म्हटले की डॉकर आला, आणि विंडोजवर डॉकर म्हणजे आत दडवलेला आणखी एक लिनक्स आला. राहता राहिली कृत्रिम बुद्धिमत्ता. तिच्यासाठी एन्व्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड हवे, हे खरे. परंतु मोठी मॉडेले घडवण्याचे काम शेवटी भाड्याच्या सर्व्हरवरच करतात, तेव्हा त्या महागड्या कार्डाचा घरी रात्री अकरानंतर कोणता विनियोग होणार हे शास्त्रीबुवा आणि चिरंजीव दोघेही जाणून असतात. जाणत नाही तो फक्त पिता.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या नानांचे प्रकरण त्यांच्यापुढे निघाले तेव्हा मी हजर होतो. नाना जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. उमेदीची वर्षे गोदरेजच्या टाइपरायटरवर सरकारी पत्रव्यवहार बडवण्यात गेल्यामुळे यंत्राविषयीची त्यांची कल्पना टिकाऊपणापाशी येऊन थांबलेली. "टायपिंगच तर करायचंय ना त्याला?" हा त्यांचा एकमेव मुद्दा, आणि तो वाटतो तितका अडाणीपणाचा नाही, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. आज लिनक्सपासून मॅकपर्यंत सर्वांनी जिचा वारसा सांगावा ती युनिक्स 1971 साली 24 किलोबाइट मेमरीच्या यंत्रावर सुखाने नांदत होती. ही माहिती मला खुद्द शास्त्रीबुवांनीच दिलेली आहे. मात्र कचेरी भरलेली असताना ती उच्चारण्याचा शिरस्ता नाही.

"रॅम सोळा जीबी," शास्त्रीबुवांनी निवाडा दिला. "सोळाच्या खाली नाही."

"आठात काय होत नाही?" नानांनी विचारले.

"आठात सगळं होतं, नाना. फक्त एका वेळी एकच होतं."

नाना गप्प बसले, पण त्यांच्या मुद्रेवर असे दिसले की एका वेळी एकच काम करणे हा दोष आहे, हे त्यांना सेवाकाळात कोणी कळवले नव्हते. शास्त्रीबुवांनी तेवढ्यात पुढील कलम काढले: हल्लीच्या पातळ यंत्रांत मेमरी बहुधा मदरबोर्डवरच कायमची झाळलेली असते, तेव्हा मागाहून वाढवू ही भाषा तिथे चालत नाही. 2024 च्या ऑक्टोबरात ॲपलने आपल्या मॅकबुक एअरची किमान मेमरी आठावरून सोळावर नेली, तेव्हा शास्त्रीबुवांनी जिन्यात उभे राहून ही वार्ता ज्या स्वरात सांगितली त्यावरून कोणासही वाटावे की कॅलिफोर्नियातील मंडळींनी अखेर त्यांच्या पत्राची दखल घेतली.

"काका, पण आय-सेव्हन मिळतोय," चिरंजीव म्हणाला.

"कितव्या पिढीतला?"

त्यावर चिरंजिवाने पुन्हा मोबाईलमध्ये डोके खुपसले. सात हा आकडा पाचापेक्षा मोठा असतो या शालेय ज्ञानावर प्रोसेसरचा सारा बाजार उभा आहे, असे शास्त्रीबुवांचे मत असून त्यात तथ्य आहे. जुन्या पिढीतला सात नव्या पिढीतल्या पाचापुढे अनेकदा मान खाली घालतो. त्यातून नावाच्या शेपटीला अक्षर असते. यू असेल तर तो साधारण 15 वॉटवर मिताहाराने राहणारा, एच असेल तर 45 वॉट मागणारा, आणि या दुसऱ्या जातीचा प्रोसेसर पातळ पेटीत कोंडला की पंख्याचा घोष शेजारच्या खोलीत ऐकू येतो. नानांबरोबर आलेल्या वहिनींनी या सर्व विवेचनातून एवढाच बोध घेतला की यंत्र गरम होते, आणि त्यांनी वजन किती ते विचारले.

शास्त्रीबुवांचे खरे दर्शन मात्र दुकानात होते. विक्रेता मोठ्या अभिमानाने पडद्यावर पिसारा फुलवणारा मोर दाखवीत असतो. शास्त्रीबुवा त्या मोराकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ते एका बोटाने झाकण उघडतात. झाकणाबरोबर खालचा भागही उचलला गेला तर बिजागरी नापास. नंतर अंगठ्याने कीबोर्डच्या मधोमध दाबून तो किती खचतो ते पाहतात, पडदा तिरपा करून त्यात दुकानातली ट्यूबलाइट दिसते का ते तपासतात, आणि यंत्र पालथे घालून तळाचे स्क्रू निरखतात. शेवटी मोर बंद करून ते नोटपॅड उघडतात व त्यात महिरपी कंस आणि अर्धविराम एवढेच पुनःपुन्हा उमटवतात, कारण प्रोग्रामरची बोटे दिवसभर तिथेच फिरत असतात आणि त्याच कळा कंपन्या कुठेतरी कोपऱ्यात बारीक करून ठेवतात. पडदा 1920 बाय 1200 चा असला तर 1080 वाल्यापेक्षा प्रोग्रामच्या पाच-सहा ओळी अधिक दिसतात, हेही ते विक्रेत्यालाच समजावून सांगतात.

त्यांचे प्रेम थिंकपॅडवर. 1992 साली आयबीएमने बाजारात आणलेली ती काळी, नटण्यामुरडण्याचा गंध नसलेली पेटी आणि जी, एच, बी या कळांच्या मधोमध बसलेला तो लाल ठिपका यांविषयी बोलताना त्यांचा आवाज मृदू होतो. 2005 साली आयबीएमने हा सारा कारभार लेनोव्होच्या हवाली केला, त्याची हळहळ संस्थान खालसा झालेल्या मानकऱ्याच्या थाटात ते अजून बाळगून आहेत. अमेरिकेतल्या भाच्याकडून यंत्र मागवण्याची सूचना दर वेळी कोणीतरी करतेच. त्यावरचा कायदा त्यांना तोंडपाठ आहे: अठरा वर्षे पुरी झालेल्या उतारूस एक लॅपटॉप जकातीवाचून आणता येतो. "पण वॉरंटी इथे चालेल का, ते भाच्याला आधी विचारा," असे ते पुस्ती जोडतात, आणि भाचा सुटतो.

नानांनी अखेर दसऱ्याच्या सेलमध्ये जे यंत्र घेतले त्याचा कीबोर्ड सात रंगांत उजळतो, त्यावर पाठीवरची सॅक फुकट मिळाली, कार्डावर सवलत लागू झाली, आणि चार्जर धरून त्याचे वजन एवढे भरते की बसमधून हिंजवडीस नेणाऱ्याने व्यायामशाळेची वर्गणी वाचवावी. म्हणजे सल्ल्यातले नेमके सोळा तेवढे उरले. पेढे घेऊन आलेल्या नानांसमोर शास्त्रीबुवांनी यंत्र उलटे करून लेबल वाचले, "सोळा आहे ना? मग झालं," असे म्हणून दाखल्यावर शिक्का मारल्यासारखे ते परत केले, आणि त्यांना वाईट वाटल्याचे किंचितही चिन्ह दिसले नाही. माझी अशी अटकळ आहे की लोक त्यांच्याकडे निवड करून घ्यायला येतच नाहीत. निवड घरी झालेलीच असते, आणि उद्या ती फसली तर घरातल्या घरात कोणी कोणाला बोलू नये म्हणून एक जबाबदार त्रयस्थ इसम दप्तरी नोंदवून ठेवायचा असतो. शास्त्रीबुवांना हे पुरते ठाऊक आहे. तरीही बिजागरीची परीक्षा ते तितक्याच निष्ठेने घेतात.

पुढे चिरंजिवास नोकरी लागली, आणि रुजू होण्याच्या दिवशीच कंपनीने आपला शिक्का डकवलेला एक काळा लॅपटॉप त्याच्या हाती ठेवला; कंपनीचे काम त्यावरच करावे, घरच्या यंत्रास त्या कामाचा स्पर्श होऊ नये, आणि आयटी विभागाच्या परवानगीवाचून त्यात काहीही भरू नये, असा हुकूम सोबत होताच. शास्त्रीबुवाही इतकी वर्षे अशाच कंपनीच्या यंत्रांवर चरितार्थ चालवीत आले आहेत. स्वतःच्या पैशाने त्यांनी आजवर एकही लॅपटॉप घेतलेला नाही. पुढची पिढी येईपर्यंत थांबावे, असे त्यांचे स्वतःपुरते मत आहे.

सात रंगांचे ते यंत्र आता नानांकडे असते. त्यावर ते पेन्शनच्या नोंदी पाहतात आणि दुपारी कीर्तने ऐकतात. परवा सकाळी बागेत त्यांच्या फिरायच्या मंडळींपैकी एकाने नातीसाठी लॅपटॉप पाहत असल्याचे सांगितले, तेव्हा नाना चालता चालता थांबले.

"सोळाच्या खाली जाऊ नका," ते म्हणाले.

"सोळा काय?"

"ते दुकानदाराला कळतं," नाना म्हणाले, आणि पुढे चालू लागले.