पिपीलिकापथमीमांसा

मुंग्या एकीमागून एक का चालतात, याबद्दल आता शास्त्रकारांत फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो त्यांची वाट पुसायला कोणते बोट वापरावे, एवढाच. तर्जनीपक्षाचे म्हणणे असे की पाटी पुसण्याचा अनुभव तिच्याच गाठी असतो. करंगळीपक्ष पुसट रेघेचा आग्रह धरतो. जिनिव्हाच्या शार्ल बोने यांनी अठराव्या शतकात मुंग्यांच्या वाटेवर आडवे बोट फिरवले आणि रांग खोळंबली, इतके सर्वमान्य आहे. ते बोट कोणते, हा आमच्या पुढच्या खंडाचा विषय.

वर्गात या प्रयोगाला लागते काय? चालू रांग, गुळाचा खडा, कोरा कागद आणि ओले फडके. गुळाचे अनुदान घरच्या डब्यातून, बहुधा मंजुरीवाचून मिळते. बोट फिरले की पलीकडच्या मुंग्या निवांत गुळाकडे जातात. अलीकडच्या मात्र पुसलेल्या कडेशी येऊन थबकतात, मिशा हलवतात, बाजूला जातात, माघारी फिरतात. गूळ घेऊन परतणाऱ्यांचीही समोरच्या कडेला तीच गत. मधे अंतर जेमतेम बोटभर! अखेर एखादी धीट मुंगी चाचपडत पार होते, तिच्या मागून दुसरी, आणि तास संपायच्या आत रहदारी सुरळीत. कारण वाट म्हणजे वास. एडवर्ड विल्सन यांनी 1959 साली दाखवून दिले की आग्या मुंगीच्या पोटातल्या एका बारीकशा ग्रंथीचा अर्क काचेवर ओढला, तर मुंग्या त्या रेघेवरून मुकाट्याने चालू लागतात. पुढे अन्न आहे की नाही, याची चौकशी कोणी करीत नाही.

कागदाचा प्रयोग यापुढचा. रांगेखाली कागद सारून तो चांगला तुडवू द्यावा, मग हलकेच काटकोनात फिरवावा. कागदावरच्या मुंग्या फिरलेल्या वाटेनेच कडेपर्यंत जातात आणि तिथे घोळका करतात. मागच्या बाकावरून याच वेळी दुसरा गुळाचा खडा टाकला जातो. त्याची नोंद कोणत्याही ग्रंथात नाही.

रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने पासाडेनातल्या घरी न्हाणीच्या टबाकाठी साखर ठेवली आणि परतणाऱ्या मुंगीच्या मागोमाग रंगीत पेन्सिलीने रेघ ओढली. पहिलीची वाट नागमोडी निघाली. पुढची तीच वाट धरी, पण घाईत वळणे चुकवी, त्यामुळे प्रत्येक रेघ आधीच्या रेघेहून थोडी सरळ होत गेली.

हा सिद्धान्त आम्ही प्रयोगवह्यांना लावून पाहिला आणि तो तंतोतंत लागू पडला. ज्याने खरोखर वाकून पाहिले, त्याची आद्यवही अर्धे पान, खाडाखोडीची: ‘एक मुंगी परत आली, मग परत गेली, मग सरांच्या चपलेवर चढली.’ दुसऱ्या वहीत चप्पल गळते. पाचवीत मुंगी परत येतच नाही. शेवटच्या बाकापर्यंत पोचताना उरते ते इतकेच: ‘मुंग्या गोंधळल्या. अनुमान: वास.’ इतकी सरळ रेघ पासाडेनातही निघाली नव्हती.

आद्यवही हरवली तर काय होते, तेही शास्त्रात आहे. विल्यम बीब यांना ब्रिटिश गयानात लष्करी मुंग्यांचे एक चक्र दिसले. जो तो पुढच्यामागे निघालेला, परीघ 1200 फूट, एका मुंगीला एक फेरा मारायला अडीच तास. आमच्या पाहणीत पहिल्याने दुसऱ्याची, दुसऱ्याने तिसऱ्याची आणि तिसऱ्याने पहिल्याची वही उतरवल्याचे आढळले. परीघ एक बाक. या चक्रात आठ पायांची मुंगी प्रथमच नोंदली गेली. ही जात जगात अन्यत्र कोठेही सापडत नाही. बाईंनी तिच्यावर तिन्ही ठिकाणी तांबड्या शाईने बरोबरची खूण केली आहे.